'लीज अँड लीफ' पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

फोक रॉक, म्हणजे लोकगीतांच्या धर्तीची गाणी रॉकच्या वाद्यांवर, ऐकायचंय, कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की मी एकच अल्बम सांगते, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचा 'लीज अँड लीफ', डिसेंबर १९६९ मध्ये आलेला. आणि सोबत हेही सांगते की नुसता लावून सोडू नका. माझी पहिली खेप तशीच वाया गेली. पुण्याहून कोल्हापूरला जाणारी एसटी, खिडकीची काच खडखडतेय, कानात स्वस्तातले इअरफोन, आणि एक बाई त्याच त्या चालीवर काहीतरी सांगतेय आणि सांगतच चाललीय, कोरस येत नाही, शब्द कळत नाहीत, शेवटी साताऱ्याच्या अलीकडेच मी तो बंद केला आणि पुढे दोन वर्षं त्याच्या वाटेला गेले नाही. मग एकदा त्या लांबलचक गाण्याची गोष्ट वाचनात आली, त्याच रात्री ते परत लावलं आणि अंगावर काटा आला. गाणं तेच होतं, फक्त आता मला माहीत होतं की पलंगाच्या पायथ्याशी कोण उभं आहे.

म्हणून माझी पद्धत एवढीच, आधी गोष्ट आणि मग गाणं. पोवाडा ऐकायला बसलेल्या माणसाला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं हे लहानपणापासून पाठ असतं, तरी तो मांडी घालून बसतोच ना, कारण शाहीर ते सांगतो कसं हे त्याला ऐकायचं असतं. इथेही अगदी तसंच बसायचंय. त्यामुळे शेवट फुटेल म्हणून घाबरू नका, मी खाली सगळे शेवट सांगणार आहे.

आधी तयारी. मूळ अल्बममध्ये आठ गाणी आहेत, एकूण साधारण ४० मिनिटं. पण अ‍ॅपवर शोधलात तर बऱ्याचदा दहा गाण्यांची आवृत्ती समोर येते (२००२ मध्ये परत काढताना दोन जास्तीची गाणी जोडली होती), नाहीतर २००७ ची दोन डिस्कवाली, आणि त्यात पाहुण्या गाण्यांची रांगच लागलेली असते. तीही ऐका, पण आज नको. पहिलं गाणं 'कम ऑल यी', शेवटचं 'क्रेझी मॅन मायकेल', ते संपलं की हाताने बंद करायचं. शफल बंद आहे ना ते दोनदा बघा. फुकटच्या अकाउंटवर मध्ये जाहिराती येत असतील तर वेगळी सोय करा, कारण खुनाच्या प्रसंगात मध्येच साबणाची जाहिरात आली तर सगळं ओम्फस्स.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बास अजिबात ऐकू येत नाही आणि या अल्बममध्ये बास म्हणजे चालणाऱ्याचे पाय आहेत, ते गेले तर गाणी तरंगत राहतात. साधा हेडफोन चालेल, महागडा लागत नाही. रात्री जेवणं आटोपल्यावरची वेळ उत्तम, शक्यतो स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना पहिली खेप नकोच. आणि हे एलपी रेकॉर्डसाठी केलेलं काम आहे, म्हणजे चार गाणी झाली की उठून तबकडी उलटायची, त्यामुळे मीही तुम्हाला चौथ्यानंतर उठवणार आहे.

कोण काय करतंय एवढं डोक्यात ठेवा. गाते सँडी डेनी. इलेक्ट्रिक गिटार रिचर्ड थॉम्पसन, दुसरी गिटार सायमन निकोल, बास अ‍ॅशली हचिंग्ज, व्हायोलिन डेव्ह स्वारब्रिक, ड्रम्स डेव्ह मॅटॅक्स, प्रोड्यूसर जो बॉइड. वयं सांगते, सँडी २२, थॉम्पसन २०, निकोल तर जेमतेम १९. स्वारब्रिक त्यातल्या त्यात मोठा, २८ चा, आणि पारंपरिक संगीतात सगळ्यात मुरलेला. मॅटॅक्स आधी डान्स हॉलच्या बँडमध्ये वाजवायचा, त्याला या गाण्यांची काहीच माहिती नव्हती. मला वाटतं ते बरंच झालं, कारण त्याने कोणाची नक्कल केली नाही, फक्त गोष्टीच्या मागे मागे चालत राहिला.

आता फोक रॉक म्हणजे काय यावर मी जास्त वेळ घालवणार नाही. अमेरिकेत १९६५ च्या सुमाराला बॉब डिलन आणि बर्ड्स हा बँड यांच्यामुळे हे सुरू झालं, पण तिथे बहुतेक गाणी नव्या कवींची, वाद्यं विजेची. फेअरपोर्टही सुरुवातीला तसलंच वाजवायचे. मग 'द बँड' या ग्रुपचा १९६८ चा पहिला अल्बम त्यांनी ऐकला आणि त्यांच्या लक्षात आलं की ही मंडळी आपल्या मातीतलं वाजवतायत, मग आपली माती कुठली? हचिंग्ज उठला आणि लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या लायब्ररीत जाऊन बसायला लागला. तिथे खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घेतलेली गाणी आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर, तसलंच चिवट काम सेसिल शार्पने तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलं होतं. त्याच्याही आधी फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने ३०५ बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी जुनी लोकगीतं, क्रमांक देऊन छापली, म्हणून आजही कोणी 'चाइल्ड ८१' म्हटलं की जाणकारांना गाणं कळतं. अल्बमच्या नावातले दोन्ही शब्दही जुनेच आहेत, लीज म्हणजे निष्ठावान आणि लीफ म्हणजे लाडका.

लावा आता.

'कम ऑल यी' हा गण समजा. तमाशात गण झाल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही तसं हे गाणं सगळ्यांना बोलावतं, वादकांची ओळख करून देतं. जुनी बॅलड याच शब्दांनी सुरू व्हायची, या रे या, सगळे ऐका. हे मात्र नवीन लिहिलेलं आहे, सँडी आणि हचिंग्जने. खरं सांगायचं तर आठातलं हे मला सगळ्यात कमी आवडतं, पण गाळू नका, आवाज कानात बसायला ही पाच मिनिटं कामी येतात.

'रेनार्डीन'ला लाइट मंद करा. एक मुलगी डोंगरात फिरतेय, तिला एक देखणा परका माणूस भेटतो, गोड बोलतो आणि तिला डोंगरापलीकडे घेऊन जातो. बस, एवढंच. पण रेनार म्हणजे फ्रेंचमध्ये कोल्हा, आणि गाण्यात त्या माणसाचे दात चमकतात. ठेका असा नाहीच, झांजांची सळसळ आहे, गिटार तानपुऱ्यासारखी खाली एक सूर धरून आहे, व्हायोलिन लांबून येतं आणि जातं. इथे फक्त सँडी शब्द कुठे सोडते ते ऐका. ती सूर ओढत नाही, हात सुटावा तसा हळूच सोडून देते.

मग येतं ते गाणं ज्याच्यावर मी एसटीत कंटाळले होते. 'मॅटी ग्रोव्ह्ज', चाइल्ड ८१, आठ मिनिटं. गोष्ट अशी: सणाचा दिवस, सगळा गाव चर्चमध्ये. मोठ्या सरदाराची बायको मॅटी नावाच्या गरीब पोराला बघते आणि सरळ म्हणते, आज रात्री माझ्याकडे चल, नवरा घरी नाहीये. तिथला एक नोकर हे ऐकतो आणि धावत सुटतो, वाटेत नदी लागते तर बूट काढून पोहत जातो. इकडे दोघं झोपलेत. सकाळी मॅटी डोळे उघडतो तर पलंगाच्या पायथ्याशी सरदार उभा. आणि तो ओरडत नाही हो, तो शांतपणे विचारतो, माझी गादी कशी वाटली? चादरी? आणि ही कुशीतली बाई? मॅटीचं उत्तरही तेवढंच सरळ आहे, गादी चांगली, चादरी चांगल्या, पण बाई सगळ्यात चांगली. सरदार त्याला कपडे घालायला लावतो, निःशस्त्र माणसाला मारलं असं कोणी म्हणायला नको म्हणून आपल्या दोन तलवारींपैकी चांगली त्याला देतो, पहिला वारही त्यालाच करू देतो. मग स्वतः एक वार करतो आणि मॅटी संपतो. बायकोला मांडीवर बसवून विचारतो, बोल, आता कोण आवडतो? ती म्हणते तुझ्यापेक्षा मेलेल्या मॅटीचं तोंड बरं. मग तो तिलाही मारतो. आणि शेवटी हुकूम, दोघांना एकाच खड्ड्यात पुरा, पण बाईला वरच्या बाजूला, ती खानदानी होती.

हे वाचलंत, आता डोळे मिटून ऐका. सँडी कोणाचीच बाजू घेत नाही. सरदार, बायको, मॅटी, तिघंही एकाच आवाजात, ना रडणं ना रागावणं, आणि त्यामुळेच तो गादीचा प्रश्न येतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. आपल्याला सवय असते की गायकाने भाव ओतायचा. इथे भाव ओतायचं काम ऐकणाऱ्याचं आहे. चाल एकच आहे, कडव्यामागून कडवं, पण वाद्यं बघा कशी कडव्याकडव्याला पुढे सरकतात. आणि खुनानंतर गाणं संपत नाही! शब्द संपतात आणि पुढे तीनेक मिनिटं व्हायोलिन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात, जणू तलवारी परत काढल्या. नवीन माणसं नेमकं इथे पुढचं गाणं लावतात. प्लीज नका लावू. जे सँडीने दाबून ठेवलं होतं ते सगळं इथे बाहेर येतं.

त्यानंतर 'फेअरवेल, फेअरवेल', जेमतेम अडीच मिनिटांचं. निरोप आहे, एकट्या वाटसरूंना, गार उत्तरेचा वारा परत वाहणार आहे असं काहीतरी. चाल 'विली ओ विन्सबरी' या जुन्या बॅलडची, शब्द थॉम्पसनचे. ऐका आणि थांबवा.

चहा करा. कारण आता जे सांगणार आहे ते मी मुद्दाम इथपर्यंत ठेवलं होतं.

१२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून हा बँड व्हॅनने लंडनला परतत होता. एम-१ मोटरवेवर व्हॅन रस्त्याच्या बाहेर गेली. त्यांचा ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, १९ वर्षांचा होता. थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. थॉम्पसन स्वतः व्हॅनमध्येच होता, बाकीचेही जखमी झाले, सँडी तेवढी दुसऱ्या गाडीने येत होती. बँड चालू ठेवायचा की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी ठरलं की चालू ठेवायचा, पण मार्टिनबरोबर वाजवलेली गाणी परत वाजवत बसायचं नाही, नवीनच काहीतरी करायचं. त्या उन्हाळ्यात विंचेस्टरजवळ फार्ली चेंबरलेन नावाच्या गावी एक मोठं जुनं घर भाड्याने घेतलं, स्वारब्रिक आणि मॅटॅक्स येऊन मिळाले आणि सगळे तिथेच राहून तालमी करायला लागले. २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ही गाणी लोकांसमोर आली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चेल्सीच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत रेकॉर्ड झाली. अपघातापासून सहा महिने. आणि रेकॉर्ड बाजारात येईपर्यंत सँडी आणि हचिंग्ज दोघंही बँड सोडून गेले होते, म्हणजे हे सहा जण एकत्र असण्याचा काळ मोजून काही महिन्यांचाच.

आता मागे जाऊन 'फेअरवेल, फेअरवेल' एवढं एकच गाणं परत लावा. वीस वर्षांच्या मुलाने लिहिलंय हे, त्या उन्हाळ्यात. मी काही बोलत नाही.

झालं की दुसरी बाजू.

'द डेझर्टर' पटकन सांगते. लंडनच्या रॅटक्लिफ हायवेवरून एक पोरगा चाललाय, सैन्यभरतीवाले त्याला गाठून दारू पाजतात, शुद्धीवर येतो तर बराकीत. पळतो, सोबतीच पकडून देतो, फटके. परत पळतो, यावेळी प्रेयसीच पकडून देते, परत फटके. तिसऱ्या खेपेला गोळी घालायची शिक्षा होते आणि ऐनवेळी राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याची सहा घोड्यांची बग्गी येते आणि तो म्हणतो सोडा याला, राणीसाठी चांगला शिपाई होईल. सुटका म्हणावी का ती? ज्यातून जीव तोडून पळत होता त्यातच परत. गाणं यावर अवाक्षर बोलत नाही.

मग चार मिनिटं नुसती वाद्यं, चार नाचाच्या चाली एकामागोमाग. इथे एक खेळ करा, बोटाने मांडीवर ठेका धरा. पहिली चाल जिग आहे, तीन-तीनचे गट, दादऱ्याची सवय असेल तर बोट आपोआप पडेल. दुसरी रील, चार-चारचे गट, एकदम सपाट रस्ता लागल्यासारखं वाटेल. तिसरी परत तीन-तीन, पण गट दोन ऐवजी तीन, म्हणजे नऊ, आणि इथेच बोट चुकतं. चौथी परत रील. सांधा कुठे बदलतो ते पकडता आलं की स्वारब्रिकचा हात कळायला लागतो. नाही आलं तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या खेपेला येतं.

'टॅम लिन' हा अल्बमचा गाभा. चाइल्ड ३९, सात मिनिटांच्या वर. स्कॉटलंडमध्ये सेलकर्क गावाजवळ कार्टरहॉ म्हणून खरोखरची जागा आहे, दोन नद्या जिथे मिळतात तिथे. मुलींना सांगितलेलं असतं तिकडे जाऊ नका, तिथे टॅम लिन असतो. जॅनेट जाते. एक गुलाब तोडते आणि तो हजर, कोणाला विचारून तोडलंस? ती घरी परतते, दिवस राहिलेत हे लक्षात येतं, ती परत तिथेच जाते. तेव्हा तो सांगतो की मी माणूसच आहे, पऱ्यांच्या राणीने धरून नेलंय, आणि यांना दर सात वर्षांनी नरकाला एक बळी द्यावा लागतो, यावेळी माझी पाळी आहे असं वाटतंय. आज हॅलोवीनची रात्र आहे, मध्यरात्री त्यांची घोडेस्वारी निघेल, काळे घोडे जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढरा आला की स्वाराला खाली ओढ, तो मीच. मग ते मला तुझ्या हातात साप करतील, हिंस्र जनावर करतील. काही झालं तरी सोडू नकोस, शेवटी मी उघडा माणूस होऊन तुझ्या हातात राहीन, तेव्हा मला झाकून टाक. ती तसंच करते, सोडत नाही. राणी चडफडत राहते, आधी कळलं असतं तर त्याच्या डोळ्यांत बघून त्याचं झाड करून टाकलं असतं म्हणते.

यात ठेका सरळ नाही. मोजायला गेलात तर पाय अडखळेल, गिटारचे ठोके अशा जागी पडतात की पुढचं पाऊल कुठे टाकायचं कळत नाही. मोजू नका, जॅनेटच्या मागे चालत राहा. दोन कडव्यांच्या मध्ये थॉम्पसनची गिटार काय बोलते तिकडे लक्ष द्या आणि ओढाओढीच्या जागी ड्रम्सकडे. हे गाणं मी किती वेळा ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही, पण ती त्याला घट्ट धरते तिथे माझीही मूठ आपोआप आवळली जाते. आणि त्या घरात हे गाणं बसवताना त्या सहा जणांच्या मनात काय असेल, धरून ठेवण्याबद्दलचं गाणं, हा विचार मला दरवेळी येतो.

शेवटी 'क्रेझी मॅन मायकेल'. हे पारंपरिक वाटतं पण नाहीये, शब्द थॉम्पसनचे आणि चाल स्वारब्रिकची. समुद्रकिनारी मायकेलला एक डोमकावळा भेटतो आणि सांगतो की तुझी प्रिया तुझ्याच हातून मरणार. मायकेल भडकून कट्यार काढतो आणि पक्ष्याला मारतो. पक्षी पडला तिथे प्रिया मरून पडलेली. मग तो भटकत राहतो, वेडा मायकेल. अपघातातून वाचलेल्या मुलाने हे लिहिलंय, त्याचा संबंध लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी लावते. संपल्यावर दोन मिनिटं दुसरं काही लावू नका.

पुढची खेप दोन-चार दिवसांनी घ्या, लगेच नको. त्या वेळी शब्द शोधून समोर ठेवा, आता गोष्टी माहीत असल्यामुळे जुनी इंग्लिश फारशी अडवणार नाही. तिसऱ्या खेपेला एकच वाद्य धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत जा, मी आधी बास धरला होता, तुम्ही व्हायोलिन धरलंत तर सोपं जाईल. मिळाला तर कव्हरच्या आतल्या बाजूचा फोटो मोठा करून बघा, तिथे शार्प आहे, चाइल्ड आहे, पॅडस्टो या इंग्लिश गावाच्या सणातला सोंगाचा नाचणारा घोडा आहे, म्हणजे कुठून घेतलं ते सगळं त्यांनी प्रेमाने मांडून ठेवलंय.

हे आवडलं तर पुढे बरंच आहे. हचिंग्जने नंतर काढलेला स्टीलआय स्पॅन हा बँड, पेंटँगल या बँडचा १९६९ चाच 'बास्केट ऑफ लाइट' हा अल्बम, सँडीचा १९७१ चा 'द नॉर्थ स्टार ग्रासमन अँड द रेव्हन्स'. ती १९७८ मध्ये गेली, अवघी ३१ वर्षांची. पण या सगळ्याच्या आधी फेअरपोर्टचाच १९६९ चा 'अनहाफब्रिकिंग' काढा आणि त्यातलं 'अ सेलर्स लाइफ' लावा. अकरा मिनिटांचं आहे, स्वारब्रिक त्यात पाहुणा म्हणून वाजवतो, आणि पहिल्याच टेकमध्ये झालेलं आहे. सुरुवातीला समुद्र शांत असतो, मग ड्रम्स हळूहळू लाटा उठवायला लागतात. ते ड्रम्स मार्टिन लॅम्बलचे आहेत.